जैतुनबीचं गटार

"गटार माझं हाय, सायब. तुमी जरा बाजूला व्हा, अंगावर उडंल."

गुडघाभर काळ्या गाळात उभी राहून ती बाई मला हे सांगत होती. वर रस्त्यावर मी उभा. इस्त्रीची पॅन्ट, बगलेत फाईल आणि पाठीशी आमचा दौलू मुकादम. मला वाटलं, बाईचा एखादा स्क्रू ढिला असणार. महापालिकेचं पावसाळी गटार, त्याचा नकाशा माझ्या फाईलमध्ये, आणि ही म्हणते माझं.

"बाई, हे सरकारी गटार आहे. कुणाला विचारून उतरलीस? वर ये आधी."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून खुरप्यानं तळाचा गाळ ओढला, लाकडाच्या पसरट परातीत घेतला आणि ती परात पाण्यावर गोल गोल हलवायला लागली. दौलू माझ्या कानाशी आला.

"साहेब, झारेकरीण हाय ती. जैतुनबी. सराफांच्या दुकानात घासताना कीस उडतो, झाडलोटीत जातो, हातपाय धुताना जातो, ते समदं शेवटी हितंच येतंय. ही मंडळी गाळ धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढत्यात. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हाय."

"म्हणून गटार हिचं?"

"पिंपळापासनं चौकापतुर हिचं. चौकाच्या खाली दुसऱ्याचं. त्यांच्यात वाटण्या हैत."

"आणि विकताही येतं का हे?" मी चेष्टेनं तिलाच विचारलं.

"इकायचं कशाला?" कंबर सरळ करत ती म्हणाली. "लेकीला द्यायचं. माज्या आईनं मला लग्नात दिलं, आता माज्या बिल्कीसला मी देनार."

मी हसलो. हुंड्यात सायकल ऐकली होती, घड्याळ ऐकलं होतं, गटार पहिल्यांदाच ऐकत होतो. दुपारी ऑफिसात डब्याच्या वेळी मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला आणि सगळ्यांना पोट धरून हसवलं. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, पण नंतर जे केलं त्याच्यापुढे हसणं म्हणजे काहीच नव्हे.

साल चौऱ्याण्णव. मी महापालिकेत कनिष्ठ अभियंता होतो, वय सत्तावीस. त्या उन्हाळ्यात खंदकाच्या तळ्यात मासे मरून वर आले. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघाली. एका नगरसेवकानं मेलेला मासा ओल्या फडक्यात गुंडाळून सभागृहात आणला आणि महापौरांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी आमचे उपशहर अभियंता रणनवरे यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाटणकर, सराफ गल्लीचं पावसाळी गटार थेट तळ्यात उतरतं. त्यात फक्त पावसाचं पाणी जायला पाहिजे. कोण काय सोडतंय ते शोधा आणि बंद करा. पंधरा दिवस देतो."

पावसाळी गटाराची गोम अशी की त्याच्या वाटेत कुठलंही शुद्धीकरण नसतं. संडास-मोरीचं पाणी वेगळ्या नळानं वेगळीकडे जातं. पावसाचं पाणी स्वच्छ, असं समजून त्याला सरळ तळ्याची वाट मोकळी. त्यामुळे त्यात कुणी काही ओतलं तर ते जसंच्या तसं तळ्यात. हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. कोण ओततंय हे कसं ओळखायचं, ते मात्र शिकवलेलं नव्हतं.

आठ दिवस मी लिटमसचे कागद घेऊन त्या गल्लीत फेऱ्या मारल्या. सराफांनी चहा पाजला, पेढे दिले, खुर्ची दिली. "आम्ही कशाला गटारात काय सोडू साहेब, आमचा सोन्याचा धंदा," असं प्रत्येकजण म्हणाला. कागद काही लाल होईना. रोज संध्याकाळी मी हात हलवत परत जायचो.

नवव्या दिवशी जैतुनबी पिंपळाच्या पारावर बसलेली दिसली. दोन्ही पाय चुन्याच्या निवळीनं भरलेल्या बादलीत. शेजारी एक मुलगी तिच्या पोटऱ्यांना खोबरेल तेल चोळत होती. बाई पाय बाहेर काढेपर्यंत मी सहज बघत होतो, मग बघवेना. दोन्ही पायांच्या बोटांना नखं नव्हती. घोट्यापर्यंतची कातडी पांढरी पडून ठिकठिकाणी फाटली होती.

"काय झालं हे?" मी विचारलं.

"तेजाब."

"कुठलं तेजाब?"

"तुमी जे शोधताय त्येच की," ती म्हणाली. "आट दिस बगतोय मी तुमाला. कागूद बुडवताय, चा पिताय, चाललाय. त्यो कागूद काय रोज लाल हुतोय व्हय? आवसेला या. आवसेला सराफ बाजार बंद असतो, कारागीर मुशी आन्‌ भांडी साफ करत्यात. म्हयनाभर साटलेलं तेजाब दुपारचं सोडत्यात. दोन तासांत समदं तळ्यात. मग तुमी बुडवा कागूद."

मी पारावर तिच्या शेजारी बसलो. एका अर्थानं माझ्या नोकरीतलं पहिलं शिक्षण त्या पारावर झालं.

"कोण सोडतं?"

"तसं घरगुती समदीच थोडंबहुत सोडत्यात. मी बी खोटं बोलत न्हाई, आमच्या घरात चमचाभर लागतंय. पर तळं मरंल एवडं सोडनारा एकच. विलासशेटची गलाईची भट्टी. गावोगावची जुनी चांदी तितं आटत्यात."

विलासशेठ म्हणजे सराफ असोसिएशनचे अध्यक्ष. पहिल्या दिवशी पेढे त्यांनीच दिले होते.

"हे तू आजवर कुणाला का नाही सांगितलंस?"

"कुनी इचारलं?" तिनं बादलीतलं पाणी पायावर ओतून घेतलं. मग मुलीकडे मान वळवून म्हणाली, "ही बिल्कीस. हिला बगायला आलते. पोराकडली तळ्याकाठी ऱ्हात्यात, ती बी झारेकरीच. व्याही गटारात उतरला, गाळ चिमटीत घिऊन चोळून बगितला. म्हनला, माल चांगला हाय, पर तेजाब लई हाय. चांदी खातंय, आन्‌ उद्या सूनबाईचे पाय खानार. ह्ये बंद झालं तर पोरगी बी पसंत, गटार बी पसंत."

मुलगी खाली मान घालून तेल चोळत राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिच्या पायात प्लास्टिकच्या निळ्या चपला होत्या आणि पाय अगदी धड होते.

"मी दाखवतो तुमाला त्या भट्टीची नळी," जैतुनबी म्हणाली. "फरशीखाली हाय, वरनं जल्मात घावनार न्हाई. पर माज्या दोन गोष्टी. तेजाब बंद करायचं. आन्‌ माजं गटार मला ठेवायचं."

"तुमचं गटार तुमचंच राहील," मी म्हणालो. तूवरून तुमच्यावर कधी आलो ते माझं मलाच कळलं नाही. "माझा शब्द."

अमावस्या तीन दिवसांनी होती.

दुपारी दोन वाजता गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या दुकानांची शटरं खाली. मी, दौलू आणि जैतुनबी विलासशेठच्या भट्टीच्या खालच्या अंगाला थांबलो. तिथं पन्नासेक फूट गटारावर जुन्या दगडी फरशा होत्या आणि त्यांच्यावर दुकानांच्या पायऱ्या. प्रयोगशाळेतून आणलेली काचेची बाटली मी तिच्या हातात दिली. रबरी हातमोजे स्टोअरमध्ये मागितले होते, पण स्टोअरकीपर रजेवर होता.

"फडकं हाय माज्याकडं," ती म्हणाली. पदर खोचला, ओली गोणपाटं पायांना बांधली आणि फरशीखाली शिरली. आत माणूस ताठ बसू शकेल एवढीही उंची नव्हती. ती सरपटत गेली. बराच वेळ खुरप्याचा दगडावर घासल्याचा तेवढा आवाज येत होता. मग आतून ती म्हणाली, "घावली नळी. चिनीमातीची हाय. तोंडाशीच बसलोय."

आम्ही वाट बघत राहिलो. दौलूनं तंबाखू मळली. मला एकदा वाटलं की आज काही येणार नाही आणि हिचाही वेळ फुकट जाईल.

तीन वाजायच्या सुमाराला नाकात झिणझिण्या आल्या. फरशांच्या फटींतून पिवळसर तांबडी वाफ वर यायला लागली आणि आतून खोकला ऐकू आला. "भाबी, बाहेर ये," दौलू ओरडला. ती आली नाही. वाहत्या पाण्याला आता हिरवी-निळी झाक आली होती. मी कागद बुडवला आणि तो तत्क्षणी लालभडक झाला. मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. आत बाई खोकत होती आणि वर मला आनंद झाला होता.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते आणि उजवा हात मनगटापर्यंत पिवळा पडला होता. बाटली भरलेली होती, बूच घट्ट लावलेलं होतं. दौलूनं तिच्या हातावर बादलीभर निवळी ओतली.

"नळीच्या तोंडातनंच भरलीया," ती म्हणाली. "थेंबबी सांडला न्हाई."

आता पंचनामा. पंच म्हणून सही करायला मी दोन घरं विचारली. दोघांनीही आतूनच कडी घातली. शेवटी दौलू एक पंच आणि जैतुनबी दुसरी पंच, असं ठरवलं. आमच्या खात्याची एक जुनी रीत होती, मला ती माझ्या आधीच्या इंजिनिअरनं शिकवलेली. पंचनामा जागेवर लिहीत बसायचा नाही. कोऱ्या कागदांवर तळाला सह्या-अंगठे घ्यायचे, आणि ऑफिसात पंख्याखाली बसून चांगल्या अक्षरात मजकूर भरायचा. कागद स्वच्छ राहतो, खाडाखोड होत नाही. सगळे तसंच करायचे. मीही तीन कोरे कागद काढले आणि शाईचं पॅड पुढे केलं.

दौलूनं सही केली. जैतुनबीनं डावा हात पुढे केला आणि मग थांबली.

"काय लिवलंय?"

"अजून काही नाही. जे झालं तेच लिहिणार."

"तुमीच लिवनार न्हवं?"

"मीच."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिन्ही कागदांवर अंगठा उठवून मोकळी झाली. अंगठ्याचा ठसा नुसता गोल काळा उमटला. त्यावर रेघा उरल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रणनवऱ्यांनी बोलावलं. केबिनमध्ये विलासशेठ बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. मोठा माणूस आपल्यासाठी उठून उभा राहिला की आपण अर्धे तिथेच हरतो.

"या पाटणकर साहेब. तुमची मेहनत कानावर आली. आमच्या मनातही तेच आहे बघा, तळं वाचलं पाहिजे. पण साहेब, खरा रोग कुठं आहे ते बघा. हे झारेकरी लोक दिवसभर गटारात. तेजाब टाकून गाळ धुतात. फरशा उचकटतात. मग तळ्यात जाणार नाही तर काय होणार?"

"नमुना तुमच्या नळीतून घेतलाय," मी म्हणालो.

"कुणी घेतला? तुम्ही उतरला होता?"

मी उतरलो नव्हतो. रणनवऱ्यांनी माझ्या फाईलमधून एक कागद काढला. सराफ गल्लीचं गटार काँक्रीटनं बंदिस्त करायचा प्रस्ताव. तो माझाच होता. वर्षापूर्वी रात्र रात्र बसून मी नकाशे काढले होते आणि तो प्रस्ताव 'निधी नाही' या शेऱ्याखाली धूळ खात पडला होता.

"असोसिएशन सिमेंट आणि लोखंड द्यायला तयार आहे," रणनवरे म्हणाले. "काम तुमच्या देखरेखीखाली. वरून स्लॅब पडला की कचरा नाही, गाळ नाही, कुणी उतरायचा प्रश्नच नाही. प्रदूषण मुळातूनच बंद. तुम्हीच लिहिलंय की हे इथं."

खरंच मी तसं लिहिलं होतं.

"पण त्यासाठी आधी कारवाई दाखवायला पाहिजे. सभागृहाला माणूस पाहिजे. पंचनामा लिहून झाला?"

"अजून फेअर करायचाय."

"म्हणजे कोरा आहे," रणनवरे म्हणाले. "मग अडलंय कुठं? बाई गटारात होती का? होती. तेजाबाची बाटली तिच्या हातात होती का? होती. मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. दिसलं तेवढं लिहा."

विलासशेठनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला.

आता या वयात मला कुणी विचारलं की तुला धमकावलं का, तर नाही. लाच दिली का, तर नाही. मला कुणी काहीसुद्धा केलं नाही. माझा प्रस्ताव मंजूर होणार होता एवढंच. त्यानं तळंही वाचेल असं मी स्वतःला पटवलं, आणि स्वतःला पटवायला मला टेबलापर्यंत जाण्याइतकाच वेळ लागला.

मी सुबक अक्षरात लिहिलं. "सदर महिला सार्वजनिक गटारात उतरून गाळ धूत असताना आढळून आली. तिच्या हातात तेजाबमिश्रित पाण्याची बाटली मिळाली. गटारात तेजाब वापरत असल्याचे तिने पंचांसमक्ष कबूल केले." पंचाच्या जागेवरचा तिचा अंगठा आता कबुलीचा अंगठा झाला. शेवटचं वाक्य रणनवऱ्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं, कारण त्याशिवाय पंचनामा पुरा वाटेना.

आता उरलेला पंच दौलू. त्याला कागद वाचून दाखवणं भाग होतं. त्यानं ऐकलं आणि मळलेली तंबाखू परत पुडीत टाकली.

"साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही."

"तसं काही होत नाही. थोडा दंड होईल. मी नंतर बघतो तिचं."

"बगा," तो म्हणाला. "माजी बी सई हाय त्याच्याखाली, म्हनून म्हटलं."

कारवाई झाली. दंड झाला, गटारात उतरायला मनाई झाली. स्थानिक पेपरात चौकट आली: 'तळ्यात तेजाब सोडणारी महिला पकडली, पंचनाम्यात गुन्ह्याची कबुली.' खाली नाव, वय, पत्ता. माझंही नाव होतं, 'तरुण अभियंत्याची दक्षता' म्हणून. माझ्या वडिलांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं.

महिन्याभरात स्लॅबचं काम सुरू झालं. विलासशेठनी नारळ फोडला. तळ्याचं पाणी त्यानं काही सुधारलं नाही, पण आता गटार दिसत नव्हतं, म्हणून कोण काय सोडतंय तेही दिसत नव्हतं. तक्रार आली की आम्ही उत्तर द्यायचो, 'संबंधितावर यापूर्वीच कारवाई करण्यात आली आहे.' पुढे सात-आठ वर्षांत तेजाबानं स्लॅब खालून कुजला आणि चौकात एक हातगाडी आत गेली. तेव्हा चौकशी ठेकेदाराची झाली. मी तोवर उपअभियंता होतो.

पण हे पुढचं. स्लॅबच्या सळ्या बांधायला घेतल्या त्या आठवड्यात, एका शुक्रवारी दुपारी, जैतुनबी ऑफिसात आली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, उजव्या हाताला पट्टी. मी तिला येताना पाहिलं आणि उगाचच फाईल उघडली. ती टेबलापुढे उभी राहिली.

"बसा," मी म्हणालो.

"बसत न्हाई. एकच काम हाय."

मला वाटलं, गटाराचं बोलेल, दंडाचं बोलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. मनाई आदेश वरून आहे, माझ्या हातात काही नाही, अपील करता येईल, अशी सगळी.

"गटार गेलं तर गेलं," ती म्हणाली. "मी त्याच्यासाटी आलो न्हाई. झाकलं त्ये एका परी बरंच झालं, पोरीला उतरायला नको. व्याही बी म्हनला, गटार नसलं तरी चालंल, पोरगी गुनाची हाय. पर त्यानं पेपर वाचून घेतला कुनाकडनं तरी. त्याच्या भावाचं नातवंड त्या तळ्यात खेळत हुतं. त्याच्या अंगावर अजून फोड हैत. म्हनला, ज्या घरानं तळ्यात ईख कालवलं त्या घरची पोरगी आमच्यात नको."

मी पेपरवेट उचलून समोरच्या कागदांवर ठेवला.

"मी त्याला म्हटलं, बाटली मी नळीतनं भरली, सायबानं भराय सांगितली, सायबासमोर भरली. तर म्हनला, पेपरात लिवलंय तू कबूल केलं. अंगठा तुजा हाय." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "सायब, मी कवा कबूल केलं?"

बाजूच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला होता. मी फाईलची पानं पुढे-मागे केली.

"तुमी नंतर लिवलं न्हवं त्ये?" ती हळू आवाजात म्हणाली. "असू दे. तुमच्यावर बी कुनीतरी असंल, त्ये मला कळतंय. मी भांडाय आलो न्हाई. मला एक ओळ लिवून द्या. बाटली नळीतनं काढली, जैतुनबीनं तेजाब सोडलं न्हाई. एवडीच. शिक्का नको, काय नको. तुमची सई पायजे. व्याही तुमच्या सईवर इस्वास ठेवंल, पेपरात तुमचं नाव हाय."

एक ओळ. माझ्या पुढ्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता आणि खिशात पेन होतं. ती ओळ लिहिली असती तर तीन कागदांवरचा मजकूर मी खोटा ठरवला असता, माझ्याच अक्षरातला, माझ्याच सहीचा. स्लॅबचं काम थांबलं असतं. नोकरीही कदाचित गेली असती, कदाचित नसती. हा हिशेब मी तिच्या तोंडाकडे बघत केला.

"असं लगेच लिहिता येत नाही," मी म्हणालो. "फाईल बघावी लागेल. सोमवारी या."

"सोमवारी नक्की?"

"नक्की. अकरा वाजता."

तिचा चेहरा एकदम सैल पडला. तिला खरं वाटलं होतं.

"मग व्याह्यालाच घिऊन येतो," ती म्हणाली. "त्याच्यासमोरच लिवा. बिल्कीसला आज सांगतो, तीन दिस झाले पोरगी जेवली न्हाई."

सोमवारी मी रजा टाकली.

मंगळवारी दौलूनं मला गाठलं आणि न विचारताच सगळं सांगितलं. जैतुनबी आणि व्याही साडेदहालाच आली होती. म्हातारा पांढरी टोपी घालून आला होता. बाकावर शेजारी शेजारी बसली. बारा वाजता शिपायानं साहेब रजेवर आहेत म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, आजारी आहेत का? शिपाई म्हणाला, माहीत नाही, सकाळी मंडईत भाजी घेताना दिसले होते. त्यावर म्हातारा उठला, जैतुनबीकडे न बघता टोपी सारखी केली आणि निघून गेला. ती मात्र बसून राहिली.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"हापिस बंद होईपतुर," दौलू म्हणाला. "मी म्हटलं भाबी, जा घरी. तर म्हनली, त्यांनी शब्द दिलाय, येतील."